अर्धा आटा जास्त

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ डॉइच-वाग्राम नावाचं गाव आहे. तिथं गास्टन ग्लॉक नावाचे कारखानदार पडद्याच्या दांड्या बनवायचे. जोडीला लष्करासाठी सुरे आणि फावडी. लष्कराला नवं पिस्तूल हवंय असं कानावर आलं तेव्हा हे गृहस्थ पन्नाशीला आले होते आणि तोवर त्यांनी एकही पिस्तूल बनवलेलं नव्हतं. त्यांनी जाणकारांना गोळा करून विचारलं, तुम्हाला पिस्तुलात काय काय हवं? मग तेवढंच बनवलं, वर काही नाही. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्करानं ते घेतलं. त्यांचं सतरावं पेटंट, म्हणून नाव पडलं ग्लॉक १७. सांगाडा प्लॅस्टिकचा, भाग मोजके, काम चोख. कंपनीनं पुढं जाहिरातीत एकच शब्द धरला: परफेक्शन.

अमेरिकेतला हौशी माणूस हे परफेक्शन पाच-सहाशे डॉलर मोजून घरी आणतो आणि त्याच रात्री त्यातलं काय काय बदलायचं याची यादी करायला बसतो.

या यादीत वरचा मान स्लाइडचा. स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग. गोळी सुटली की तो झटक्यात मागं जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि परत येताना नवं काडतूस नळीत ढकलतो. कारखान्यातून येणारी स्लाइड काळी, चौकोनी आणि निमूट असते. तिच्यात खोट काढायला जागा नाही आणि मिरवायलाही काही नाही. दुखणं नेमकं इथंच आहे. मग बाहेरच्या कंपन्या हीच स्लाइड पोलादाच्या ठोकळ्यातून नव्यानं कोरून विकतात. पकडायला पुढंमागं तिरक्या खाचा, वरच्या बाजूला नेम धरायच्या रेड डॉट साइटसाठी कापलेलं घर आणि दोन्ही अंगांना खिडक्या. खिडक्यांनी वजन घटतं, नळीला वारा लागतो, असं विकणारा सांगतो. त्याच खिडक्यांतून धूळही आत जाते, हे तो सांगत नाही. खिडकी असली की आत बघण्यासारखं काही हवंच, म्हणून सोनेरी मुलाम्याची नळी वेगळी घ्यावी लागते.

यात अमेरिकन कायद्यानं मोठी सोय करून ठेवली आहे. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार पिस्तूल म्हणजे फ्रेम. खालचा, मुठीचा भाग, ज्यावर नंबर असतो तो. ग्लॉकच्या प्लॅस्टिकमध्ये एक छोटी धातूची पट्टी बसवलेली असते, तिच्यावर हा नंबर. सगळी कायदेशीर जबाबदारी त्या पट्टीवर. ती विकत घ्यायची तर परवानाधारक दुकानात जा, फॉर्म भरा, सरकारी तपासणीतून पार पडा. बाकी स्लाइड, नळी, स्प्रिंगा, साइट हे नुसते सुटे भाग. ते खोक्यातून येतात आणि कुरिअरवाला दारात टाकून जातो. कायद्याच्या लेखी गोळी जिथून सुटते तो भाग पिस्तूल नव्हे. हात जिथं धरतो तो पिस्तूल.

आमचे साडू टेक्सासात असतात आणि ते या सोयीचा मनापासून लाभ घेतात. आठवडाभर ते एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतात. तिथं त्यांचा नियम एकच: चालतंय ना, मग हात लावू नका. शनिवारी सकाळी हा नियम ते गॅरेजच्या दाराशी काढून ठेवतात.

त्यांच्याकडचं ग्लॉक १९ तसं जुनं, पण बिनतक्रारीचं. कुरबुर सुरू झाली ती त्यांना चाळिशी लागली तेव्हा. साध्या पिस्तुलावर नेम धरायचा म्हणजे तीन गोष्टी एका ओळीत आणायच्या: डोळ्याकडची मागची खाच, हातभर लांबचा पुढचा खुंट आणि समोरचं लक्ष्य. डोळा एका वेळी यातलं एकच स्पष्ट दाखवतो. शिकवणारे सांगतात, पुढच्या खुंटावर नजर ठेवा. पण चाळिशीनंतर जे अंतर धूसर व्हायला लागतं, नेमकं त्याच्याच आसपास तो खुंट उभा असतो. चष्मा लावला की खुंट दिसतो, लक्ष्य जातं. चष्मा काढला की लक्ष्य दिसतं, खुंट जातो.

यावर तोडगा रेड डॉट. पुष्कळांचा समज असा की सिनेमात खलनायकाच्या छातीवर फिरतो तोच हा लाल ठिपका. तो लेसर; समोरच्यालाही दिसतो. रेड डॉटचा उजेड लक्ष्यावर पडतच नाही. साइटमध्ये एक चिमुकला दिवा असतो, तो समोरच्या वाकड्या काचेवर उजेड टाकतो आणि काच तेवढा लाल रंग परत डोळ्याकडं पाठवते. ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, त्यामुळं लक्ष्याकडं बघायचं, ठिपका त्यावर आला की चाप ओढायचा. खुंट, खाच, ओळ, सगळं रद्द. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनं १९७५ मध्ये अशी पहिली इलेक्ट्रॉनिक साइट काढली, ती रायफलींसाठी. मागंपुढं धडकणाऱ्या स्लाइडवर टिकेल इतकी लहान आणि दणकट साइट यायला पुढं बरीच वर्षं गेली. ग्लॉकनं स्वतः साइटचं घर कापलेली पिस्तुलं २०१५ मध्ये बाजारात आणली. साडूंचं त्याआधीचं. म्हणजे साइट हवी तर आधी नवी स्लाइड हवी. त्यांनी हे मेव्हणीला वैद्यकीय गरज म्हणून सांगितलं.

त्या दिवसांत सासूबाई कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडं आल्या होत्या, आणि आम्हीही सुट्टीला तिथंच. पहिलं खोकं आलं. सासूबाईंनी सोनेरी नळी हातात घेऊन वजन केल्यासारखी खालीवर केली.

“सोन्याचं पाणी हो?”

“नाही आई, टायटॅनियम नायट्राइड.”

“मोडीत काही येतं का याचं?”

“नाही.”

“मग कशाला घेतलं?”

या प्रश्नाला अमेरिकेतल्या अख्ख्या धंद्याजवळ उत्तर नाही. साडूंनी दुसरं खोकं उघडलं. त्यात साइट होती. अजून कशावर बसवलेली नव्हती, त्यामुळं ती हातोहात फिरली. साडूंनी सेल घातला, खिडकीतून बाहेरच्या झाडाकडं धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. ठिपका गोल नव्हता. त्याला खाली शेपूट होतं आणि वर दोन शिंगं. “डिफेक्टिव्ह पीस,” ते म्हणाले. मग सासूबाईंनी घेतली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्याच वर्षी कोल्हापुरात झालेलं. “चांगला गोल आहे की,” त्या म्हणाल्या, “टिकली लावल्यासारखा.”

साडूंनी कंपनीला रागाचं पत्र धाडलं. उत्तर सभ्य आलं: ठिपक्याचा मोबाइलवर फोटो काढा, फोटोत गोल दिसला तर साइट ठीक आहे, डोळे तपासून घ्या. फोटोत ठिपका कंपासनं काढावा तसा गोल आला. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं की अ‍ॅस्टिग्मॅटिझम आहे, बुबुळाच्या पुढच्या पडद्याचा बाक सगळीकडं सारखा नाही, म्हणून उजेडाचा ठिपका फाकतो, आणि हे दुखणं आजचं नाही. चष्म्यात सिलिंडरचा नंबर आला. नवा चष्मा लावून परत येताना साडूंना हायवेवरच्या पाट्या लांबूनच वाचता येऊ लागल्या. ते एकेक पाटी मोठ्यानं वाचून दाखवत होते. मेव्हणी शेजारी बसून गप्प होती. घरी आल्यावर बहिणीला म्हणाली, “इतकी वर्षं मुलांना मागं बसवून हे अंदाजानं गाडी चालवत होते.”

आता जोडणी. टेक्सासातल्या ऑगस्टात गॅरेजमध्ये बसणं अशक्य, म्हणून काम जेवणाच्या टेबलावर आलं. पिस्तुलाच्या बाबतीत साडू कडक. काडतुसं दुसऱ्या खोलीत, मॅगझिन बाहेर, नळी रिकामी असल्याचं आधी डोळ्यांनी आणि मग करंगळी घालून बघणार, आम्हालाही दाखवणार. मेव्हणीचं म्हणणं वेगळंच होतं: जुन्या भागांवर शिसं असतं, ते जेवणाच्या टेबलावर नको. तडजोड म्हणून खाली जुना टॉवेल आला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई मेथी निवडत बसल्या.

साडूंनी नवी स्लाइड नुसती मागवली होती, आतले भाग जुन्यातून काढून घालायचे म्हणून. यात पैसे वाचतात, असा हिशेब. स्लाइडच्या मागच्या तोंडाला एक छोटं झाकण असतं. आतली स्प्रिंग पंचनं दाबून धरायची आणि झाकण खाली सरकवायचं. झाकण निघताना वरून अंगठा ठेवा, असं प्रत्येक पुस्तिका सांगते, कारण त्याच्याआड पुंगळी खेचणाऱ्या आकड्याची वेगळी बारीक स्प्रिंग दबा धरून बसलेली असते. साडूंनी अंगठा ठेवला होता. पण अंगठ्यानं ऐन वेळी, झाकण कुठंवर आलं ते बघायला, जरा बाजूला सरकून वाट दिली. टिंग असा आवाज झाला. आम्ही सगळे टॉर्च घेऊन टेबलाखाली. फ्रीजखाली शोधलं, सोफ्याच्या फटीत शोधलं. साडू नवी स्प्रिंग मागवायला मोबाइलकडं वळले तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, “जावईबापू, हे तुमचं काय आलंय बघा मेथीत.” मेथी अख्खी कचऱ्यात गेली. शिशाचा मुद्दा मेव्हणीनं सोडला नव्हता.

मग साइट बसवणं. यात मुख्य गोष्ट अशी की कुठलीही साइट कुठल्याही स्लाइडवर बसत नाही. प्रत्येक कंपनीनं स्क्रूची भोकं आणि खुंट्या आपापल्या जागी ठेवल्या आहेत. याला फुटप्रिंट म्हणतात: आरएमआर, डेल्टापॉइंट प्रो, आरएमएससी, अ‍ॅक्रो. स्लाइडवर एका जातीचं घर कापलेलं, साइट दुसऱ्या जातीची. मग मध्ये जुळवून घ्यायला पातळ प्लेट. दोन्ही घरच्यांना मान्य होईल अशी प्लेट शोधण्यात साडूंच्या काही रात्री गेल्या. प्लेट आली. तिच्यासोबत निरनिराळ्या लांबीच्या स्क्रूंची पुडी आली. कुठला कुठं, ते पत्रकात होतं. अक्षर इतकं बारीक की नवा चष्माही हरला.

पत्रकातलं एक वाक्य मात्र ठळक होतं: स्क्रू बारा इंच-पाउंडाला आवळा. साडूंकडं गाडीची चाकं आवळायचा टॉर्क रेंच होता, त्याची मोजणी वीस फूट-पाउंडांपासून सुरू. बारा इंच-पाउंड म्हणजे एक फूट-पाउंड. तो रेंच लावला असता तर स्क्रूचं डोकं हातात आलं असतं. मग बारक्या मोजणीचा वेगळा रेंच आला. आट्यांना लॉकटाइट नावाचा निळा गोंद लागला. तो पुरता धरायला चोवीस तास. तेवढा वेळ पिस्तूल टॉवेलवर पडून राहिलं आणि आम्ही पाटावर जेवलो. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून प्लेटवर रंगाची बारीक रेघ ओढायची असते. स्क्रू ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. रंग म्हणून मेव्हणीचं नेलपॉलिश. ते कुणी नेलं याचा शोध तिनं रेघ बघूनच लावला.

रेंजवर गेलो. साडूंच्या डोळ्यांवर नवा चष्मा, कानाला मफ, पाय खांद्याएवढे फाकलेले, हात सरळ. आणि पुढं काहीच होईना. पिस्तूल जरा वर जायचं, जरा डावीकडं, परत खाली. रेड डॉट ठिपका दाखवतो तो डोळा, काच आणि मूठ नीट सरळ असली तरच. नाहीतर काच रिकामी. नवशिका माणूस लक्ष्य सोडून आधी ठिपका शोधतो. पंचवीस यार्डांवरचा कागद शांतपणे वाट बघत होता. अखेर ठिपका सापडला, आणि सापडल्यावर थरथरायला लागला. खुंट-खाचेच्या दिवसांतही हात एवढाच हलत असे, पण तेव्हा चुगली करणारं कुणी नव्हतं. आता ठिपका कागदभर नाचत होता. साडू म्हणाले, “ब्राइटनेस कमी करायला हवा.”

गोळी सुटली. कागदावर लागलीही. दुसरी मात्र सुटलीच नाही. पहिलीची रिकामी पुंगळी नळीतच चिकटून राहिली आणि नवं काडतूस तिच्या पाठीवर येऊन आदळलं. साडूंनी अडलेलं मोकळं केलं. परत एक सुटली, परत अडली. जुन्या, निमूट स्लाइडनं हे कधीच केलं नव्हतं.

सुधारणा एकटी येत नाही. ती आली की पाठोपाठ तिची माणसं येतात. साडूंनी ठरवलं की दोष पुंगळी खेचणाऱ्या आकड्याचा. जुन्या स्लाइडमधला, थकलेला असणार. मग आतल्या भागांचा नवा संच आला. तरी अडलं. मग ठरलं की स्लाइड हलकी झाली, तर स्प्रिंगही हलकी हवी. ती आली. तरी अडलं. मग काडतुसं बदलली, जास्त जोराची. हात दुखले आणि तरी अडलं. दरम्यान साइटमुळं पिस्तूल जुन्या होल्स्टरमध्ये जाईना, म्हणून वर कापलेलं नवं होल्स्टर आलं. शिवाय साइटचा सेल ऐन वेळी संपला तर? त्यासाठी तिच्या काचेतून दिसतील अशा उंच खुंट-खाचा बसवाव्या लागतात. खुंट दिसत नाही म्हणून ठिपका घेतला, आणि ठिपका गेला तर हाताशी असावा म्हणून खुंट घेतला, पहिल्यापेक्षा महाग.

कोल्हापूरच्या माणसापुढं नेमबाजीचं कौतुक फार वेळ टिकत नाही. सासूबाईंनी एकदा जेवताना विचारलं, “आमच्या राहीच्या पिस्तुलाला होती का हो ही टिकली?” राही सरनोबत कोल्हापूरची, २०१८ च्या एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तुलात तिनं सुवर्ण घेतलं, आणि एशियाडमध्ये सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. ऑलिंपिकच्या धर्तीवरच्या पिस्तूल स्पर्धांत असल्या साइटला बंदीच आहे. नुसता उघडा खुंट आणि खाच. साडू प्रामाणिक. म्हणाले, “नव्हती.” सासूबाईंनी आमटी वाढली. त्यांना पुढं काही म्हणायचं नव्हतं.

रेंजवर एक म्हातारे गनस्मिथ बसतात. साडूंनी त्यांना बदललेल्या भागांची सगळी कहाणी क्रमानं सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली की नाही कोण जाणे. पिस्तूल रिकामं करून तपासलं, नेलपॉलिशच्या रेघेकडं बघून जरा हसले, साइटचा उजवा स्क्रू सोडवला आणि भिंगाखाली धरला. त्याचं टोक चकाकत होतं. तिथं काहीतरी घासत होतं. ते भोक नेमकं त्या बारीक स्प्रिंगच्या बोगद्यावर येतं, म्हणाले. स्क्रू अर्धा आटा लांब आहे, आत उतरून स्प्रिंगला दाबतो, मग आकडा पुंगळी धरणार कसा? त्यांनी कानस घेतली, टोक घासलं, आटे साफ केले, लॉकटाइट लावून परत आवळला. पैसे विचारल्यावर हातानंच ‘राहू दे’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी पिस्तूल सुरळीत चालू लागलं. पुडीत योग्य लांबीचा स्क्रू पहिल्यापासून होताच.

आता साडूंच्या गॅरेजमधल्या खणात काय उरलं ते पाहा. जुनी स्लाइड. तिचे सगळे मूळ आतले भाग, कारण नवा संच आला होता. मूळ नळी, मूळ स्प्रिंग, मूळ खुंट-खाच. म्हणजे नुसती फ्रेम सोडली तर एक अख्खं ग्लॉक १९. कायद्याच्या लेखी त्या खणात काहीच नव्हतं. साडूंच्या लेखी मात्र तिथं पाऊण पिस्तूल वाया चाललं होतं, आणि वाया घालवणं त्यांच्या रक्तात नाही. अशा स्लाइडला जुळणाऱ्या नंबरी फ्रेम दुसऱ्या कंपन्या बनवतात. साडू परवानाधारक दुकानात गेले, फॉर्म भरला, तपासणी झाली, फ्रेम घेऊन आले. जुने भाग वर चढले. जोडायला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण या खेपेला सगळं आपापल्या मूळ जागीच जायचं होतं.

त्याच शनिवारी ते रेंजवर नेलं. पेटीमागून पेटी रिकामी झाली. एक पुंगळी अडली नाही, एक स्क्रू ढिला झाला नाही, आणि नव्या चष्म्यातून साडूंना पुढचा खुंट पहिल्यापेक्षा बरा दिसत होता. मी म्हटलं, “झालं की मग. काहीही न बदलता उत्तम चालतंय.”

साडूंनी पिस्तूल रिकामं केलं, तपासलं, टेबलावर ठेवलं आणि लांबून त्याच्याकडं बघितलं.

“तेच तर,” ते म्हणाले. “इतकं खात्रीचं पिस्तूल, आणि स्लाइडला एक खिडकी नाही?”